वारा सर्वांचा, मोबदला कोणाचा?

एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका शेतकरी बांधवांनी आम्हाला थांबवून विचारले, "फादर, छपरावर सौर पॅनेल बसवले की सरकार पैसे देते म्हणतात. पण ज्याचे छप्पर जुन्या कौलांचे आहे, ज्याच्या हातात लाखभर रुपये नाहीत, त्याच्या वाट्याला काय?" त्या क्षणी आम्ही त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. घरी परतल्यावरही तो प्रश्न मनातून जाईना. सूर्य आणि वारा ह्या परमेश्वराने सर्वांना सारख्याच दिलेल्या देणग्या आहेत. परंतु त्यांच्यापासून वीज निर्माण करणाऱ्यास शासन जो मोबदला देते, तो मात्र सर्वांपर्यंत सारखा पोहोचत नाही. असे का होते, ह्याचा विचार ह्या लेखात आम्ही करीत आहोत.

स्वच्छ ऊर्जेस उत्तेजन द्यावे की न द्यावे, हा वाद आता बहुतांशी संपला आहे. हवामानबदलाचे चटके कोकणातील आंबा-काजू बागायतदारांपासून मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांपर्यंत सर्वांना बसत आहेत. खरा प्रश्न पुढचा आहे. हे उत्तेजन कोणत्या मार्गाने द्यावे? आमच्या मते ह्या प्रश्नाच्या उत्तरावरच उद्याच्या ऊर्जेचा मालक कोण, हे ठरते. पैसा किती दिला ह्यापेक्षा तो कोणत्या वाटेने दिला, हे अधिक महत्त्वाचे आहे.

मुळात मोबदला का द्यावा लागतो?

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात रोजचा खर्च मोठा असतो, कारण कोळसा रोज जाळावा लागतो. पवनचक्की किंवा सौर पॅनेल ह्यांचे तसे नाही. वारा आणि ऊन फुकट मिळते, परंतु यंत्रसामग्रीचा जवळजवळ सर्व खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो. तो वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू वसूल होतो. एवढा दीर्घकाळ आपली वीज कोणी विकत घेईल आणि कोणत्या भावाने घेईल, ह्याची खात्री नसेल तर सामान्य माणूस पैसे गुंतविणार नाही आणि बँकही त्याला कर्ज देणार नाही. दुसरी गोष्ट अशी की, कोळशाच्या धुराने होणारे आजार, राखेने नासलेली शेती आणि तापलेले वातावरण ह्यांची किंमत विजेच्या बिलात लिहिलेली नसते. ती समाज भरतो, आणि त्यातही गरीब अधिक भरतो. ही विषमता काही अंशी दूर करण्यासाठी शासन हस्तक्षेप करते.

हा हस्तक्षेप चार प्रकारे होतो. पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक युनिटमागे दीर्घ मुदतीचा निश्चित दर देणे. ह्यालाच 'फीड-इन टॅरिफ' असे म्हणतात. दुसरा मार्ग गुंतवणूकदारास आयकरात सवलत देण्याचा. तिसरा मार्ग लिलावाचा, म्हणजे जो सर्वांत कमी दराने वीज देईल त्याला कंत्राट देण्याचा. चौथा मार्ग यंत्रसामग्रीच्या खरेदीवरच अनुदान देण्याचा. वरवर पाहता चारही मार्ग एकाच गावाला जातात असे वाटते. प्रत्यक्षात तसे नाही.

जर्मनीचा धडा

पहिल्या मार्गाचा सर्वांत मोठा प्रयोग जर्मनीत झाला. १ जानेवारी १९९१ रोजी तेथे एक छोटासा कायदा अमलात आला. वारा, ऊन, पाणी ह्यांपासून कोणीही वीज तयार केली, तर त्या भागातील वीज कंपनीने ती विकत घेतलीच पाहिजे, असे त्या कायद्याने सांगितले. वारा व ऊन ह्यांच्या विजेला ग्राहकांकडून वसूल होणाऱ्या सरासरी दराच्या ९० टक्के भाव ठरविण्यात आला. बव्हेरिया प्रांतातील छोट्या जलविद्युत केंद्रांच्या मालकांना बड्या कंपन्या योग्य भाव देत नव्हत्या. त्यांची बाजू मांडणारे पुराणमतवादी पक्षाचे खासदार आणि पर्यावरणवादी ग्रीन पक्षाचे खासदार ह्या कायद्यासाठी एकत्र आले होते, ही लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

त्या दराने पवनचक्क्या परवडू लागल्या, पण सौर वीज परवडेना. तिचा खर्च कित्येक पटींनी अधिक होता. तेव्हा आखेन शहरातील नागरिकांनी आग्रह धरला की, उत्पादनाचा पूर्ण खर्च भरून निघेल असा दर द्यावा. १९९५ च्या सुमारास त्या शहराने सौर विजेच्या युनिटला सुमारे दोन मार्क देण्यास प्रारंभ केला. आपल्यापैकी अनेकांना हे शहर 'मिसेरिओर' ह्या कॅथॉलिक संस्थेचे मुख्यालय म्हणून माहीत असेल. आखेनची ही कल्पना पुढे देशभर पोहोचली. हेर्मान शेअर, हान्स-योसेफ फेल आदी खासदारांच्या प्रयत्नांतून १ एप्रिल २००० रोजी नवा अक्षय ऊर्जा कायदा अमलात आला. त्याने सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग एवढा दर वीस वर्षांसाठी दिला. नव्याने येणाऱ्या प्रकल्पांसाठी हा दर दरवर्षी कमी होत जाईल, अशीही तरतूद केली. आधी येणाऱ्यास अधिक आणि नंतर येणाऱ्यास कमी, पण ज्याला जो शब्द दिला तो वीस वर्षे पाळायचा, असे ह्या कायद्याचे सूत्र होते.

ह्याचा परिणाम काय झाला? २००० साली जर्मनीच्या एकूण वीजवापरात अक्षय ऊर्जेचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो निम्म्याच्या पुढे गेला. परंतु आम्हाला ह्या आकड्यापेक्षा दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. २०१२ च्या सुमारास तेथील अक्षय ऊर्जेची जवळजवळ निम्मी क्षमता शेतकऱ्यांच्या, सामान्य नागरिकांच्या आणि त्यांच्या सहकारी संस्थांच्या मालकीची होती. गोठ्याच्या छपरावर, शाळेच्या गच्चीवर, चर्चच्या कौलांवर पॅनेल बसले. असे का घडले? कारण कायद्याने 'तू कोण आहेस?' असे विचारले नाही; 'तू किती युनिट वीज दिलीस?' एवढेच विचारले. दर निश्चित असल्यामुळे गावातील बँक शेतकऱ्यास कर्ज देऊ शकली. आयकर भरणारा असो वा नसो, प्रत्येकाला दार सारखेच उघडे होते.

परंतु बिल कोणी भरले?

ह्या चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा मोबदला जर्मन सरकारच्या तिजोरीतून दिला जात नव्हता. ग्राहकांच्या वीजबिलात अधिभार लावून तो उभा केला जात असे. २००४ साली तेथील तत्कालीन पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन ह्यांनी सांगितले होते की, एका कुटुंबाला ह्याचा भार महिन्याला आइस्क्रीमच्या एका गोळ्याएवढाच, म्हणजे सुमारे एक युरो पडेल. दहा वर्षांनी, २०१४ साली हा अधिभार युनिटमागे ६.२४ सेंट झाला. वर्षाला साडेतीन हजार युनिट वापरणाऱ्या कुटुंबावर २१८ युरोंचा बोजा पडला. २०१७ साली तो ६.८८ सेंटपर्यंत चढला.

हा बोजा सर्वांवर सारखा नव्हता. ज्यांना विजेची प्रचंड गरज असते अशा उद्योगांना, जागतिक स्पर्धेचे कारण देऊन, ह्या अधिभारातून मोठी सूट देण्यात आली. शिवाय अधिभार म्हणजे निश्चित दर आणि बाजारभाव ह्यांतील फरक. वारा आणि ऊन ह्यांची वीज बाजारात वाढली तसा घाऊक बाजारभाव उतरला. भाव उतरला की फरक वाढला आणि अधिभारही वाढला. म्हणजे सूट मिळालेल्या कारखान्यास वीज स्वस्त आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या विधवेस महाग, असा विपरीत प्रकार घडला. जिच्याजवळ स्वतःचे छप्पर नाही, तिने छप्पर असलेल्यांचा मोबदला भरला. अखेर १ जुलै २०२२ पासून हा अधिभार शून्यावर आणला गेला आणि खर्चाचा भार सरकारी तिजोरीवर घेण्यात आला. कर हा उत्पन्नाच्या प्रमाणात पडतो. वीजबिल तसे पडत नाही. हे शहाणपण यायला बावीस वर्षे लागली.

स्पेनने दुसरी चूक केली. २००७ साली तेथील सरकारने सौर विजेला अतिशय उदार दर जाहीर केला आणि नागरिकांना बचत गुंतविण्याचे आवाहन केले. सुमारे ४०० मेगावॅटची अपेक्षा होती. एकट्या २००८ साली अडीच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी राहिली. यंत्रांच्या किमती झपाट्याने उतरत असतानाही दर वेळेवर कमी केला गेला नाही. आणि हा खर्च ग्राहकांच्या बिलातही धड घेतला नाही. अनेक वर्षांपासून साचत आलेली वीजक्षेत्राची तूट २०१३ पर्यंत अडीच हजार कोटी युरोंच्या पुढे गेली. मग सरकारने २०१० पासून टप्प्याटप्प्याने जुन्या, आधीच उभ्या झालेल्या प्रकल्पांचे दरही कापले. परदेशी गुंतवणूकदारांनी आंतरराष्ट्रीय लवादांकडे धाव घेतली आणि अनेकांच्या बाजूने निकाल लागले. स्पेनमधील ज्या हजारो कुटुंबांनी घर गहाण ठेवून पॅनेल घेतले होते, त्यांना मात्र हा मार्ग खुला नव्हता. दिलेला शब्द मोडला की त्याची झळ नेहमी दुबळ्यालाच अधिक बसते, हा धडा स्पेनने घालून दिला.

आपल्याकडे काय घडले?

आपल्या देशाने दीर्घकाळ दुसरा मार्ग, म्हणजे करसवलतीचा मार्ग धरला. १९९० च्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के घसारा आयकरात मान्य केला जाई. ह्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा: समजा, एखाद्या कंपनीने पाच कोटी रुपयांची पवनचक्की घेतली. त्यातील चार कोटी रुपये पहिल्याच वर्षी तिच्या करपात्र नफ्यातून वजा झाले. तीस टक्के दराने हिशेब केला तर सुमारे एक कोटी वीस लाख रुपयांचा कर त्या वर्षी वाचला. ज्याला वाचविण्याजोगा मोठा कर आहे, त्यालाच ही सवलत उपयोगी. आपल्या शेतकऱ्याच्या शेती उत्पन्नावर मुळात आयकरच नाही. त्यामुळे त्याच्या दृष्टीने ह्या सवलतीची किंमत शून्य. ज्या डोंगरावर वारा वाहतो, त्या डोंगरावरील शेतकरी पहिल्याच पायरीवर बाहेर राहिला.

ह्या मार्गात आणखी एक दोष होता. सवलत चक्की उभी करण्यास होती, ती फिरण्यास नव्हती. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास निम्माच घसारा मिळतो, म्हणून सप्टेंबर आणि मार्च अखेरीस चक्क्या उभारण्याची एकच घाई होई. ही चूक ओळखून केंद्र सरकारने डिसेंबर २००९ मध्ये प्रत्यक्ष उत्पादनावर युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली. परंतु २०१२ च्या एप्रिलपासून ऐंशी टक्के घसारा काढून घेतला, आणि त्याच सुमारास ही योजनाही काही काळ थांबली. परिणाम तत्काळ दिसला. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवन ऊर्जा क्षमता वाढली होती. २०१२-१३ मध्ये ती वाढ सुमारे १,७०० मेगावॅटवर आली. गुंतवणूक वाऱ्याकडे पाहून होत होती की करसवलतीकडे पाहून, हे ह्या दोन आकड्यांवरून वाचकांनीच ठरवावे.

महाराष्ट्रात निश्चित दराची पद्धत नव्हती असे नाही. २००३ च्या वीज कायद्याने अक्षय ऊर्जेस उत्तेजन देण्याची जबाबदारी राज्यांच्या नियामक आयोगांवर टाकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नव्या पवनचक्क्यांच्या विजेला पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी पंधरा पैशांची वाढ असा तेरा वर्षांचा दर ठरवून दिला. दर चांगला होता. पण एका मेगावॅटला काही कोटी रुपये लागतात आणि कर वाचविणाऱ्यालाच त्याचा खरा लाभ होतो, हे गणित कायम राहिले.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या बाजूस वनकुसवडेचे पठार आहे. तेथे उभ्या असलेल्या पवनचक्क्यांच्या रांगा पाहण्यास आज पर्यटक जातात. १९६० च्या दशकात ह्याच खोऱ्यातील गावे कोयना धरणासाठी उठली. वीज मुंबई-पुण्याकडे गेली आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांकडे आले. चार दशकांनी त्याच डोंगरावर वाऱ्याची वीज तयार होऊ लागली. तीही खाली उतरून दूर गेली. ज्या काळात ह्या चक्क्या वेगाने उभ्या राहत होत्या, त्याच काळात राज्यातील खेडी दिवसाचे कित्येक तास भारनियमनात अंधारात होती. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातही मोठ्या प्रमाणावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तेथे वनजमिनींच्या प्रश्नावरून आदिवासी बांधवांना आंदोलने करावी लागली. जमीन कसणाऱ्याची, वारा सर्वांचा आणि मालकी मात्र दूर शहरातील कोणाची तरी, असे हे चित्र आहे.

लिलाव आला, स्वस्ताई आली. आणि छोटा माणूस?

सौर ऊर्जेबाबत कथा थोडी निराळी आहे. २०१०-११ साली केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटमागे १७ रुपये ९१ पैसे ठरविला होता. पुढे लिलावाची पद्धत आली आणि २०१७ च्या मे महिन्यात राजस्थानातील भादला येथे २ रुपये ४४ पैशांची बोली लागली. ह्या घसरणीत जर्मन ग्राहकाने भरलेल्या अधिभाराचाही मोठा वाटा आहे. त्यांच्या मागणीमुळे जगभर, विशेषतः चीनमध्ये, कारखाने उभे राहिले आणि पॅनेल स्वस्त झाले. श्रीमंत देशातील भाडेकरूने भरलेल्या पैशांचा लाभ आज आपल्या पाड्यावरील दिव्याला होतो आहे, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

लिलावाने वीज स्वस्त केली, हे निर्विवाद. त्याचा फायदा सर्व ग्राहकांना होतो. परंतु लिलावात उतरण्यासाठी अनामत रक्कम, सल्लागार, शेकडो एकर जमीन आणि तोटा सोसण्याची ताकद लागते. गावची सहकारी सोसायटी तेथे टिकू शकत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत पवन ऊर्जेचाही पहिला लिलाव होऊन ३ रुपये ४६ पैसे दर लागला. २०१६-१७ मध्ये सुमारे ५,५०० मेगावॅट असलेली पवन ऊर्जेची वार्षिक वाढ पुढच्याच वर्षी सुमारे १,८०० मेगावॅटवर घसरली. जर्मनीनेही २०१७ पासून लिलाव स्वीकारले. नागरिकांच्या संस्थांना त्यात काही सवलती ठेवल्या, तर त्यांचाच आडोसा घेऊन व्यावसायिकांनी बहुतेक कंत्राटे मिळविली आणि अनेक प्रकल्प वेळेवर उभेच राहिले नाहीत. नियम चांगला असून भागत नाही; त्याची राखणही करावी लागते.

मग आपल्याकडे सामान्यांसाठी काहीच झाले नाही काय? झाले आहे, आणि तेही सांगितले पाहिजे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तेथे आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सहा शेतकऱ्यांनी २०१६ च्या सुमारास सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. गरजेपुरते पाणी उपसावयाचे आणि उरलेली वीज वितरण कंपनीस विकावयाची. कंपनीने युनिटमागे ४ रुपये ६३ पैसे देण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला आणि त्या संस्थेने वर काही बोनस दिला. वीज विकून पैसा मिळू लागला तेव्हा विनाकारण पाणी उपसण्याची ओढ कमी झाली. ज्या वसईत विहिरींच्या पाण्यावरून आपण एवढा संघर्ष पाहिला, तेथील वाचकांना ह्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

केंद्राच्या २०१९ च्या 'कुसुम' योजनेत शेतकरी, सहकारी संस्था व पंचायती ह्यांनी दोन मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उभारावेत, अशी तरतूद झाली. कल्पना उत्तम, पण दर कमी आणि बँका कर्जास नाखूश, त्यामुळे हा भाग मंद गतीने चालला. महाराष्ट्राने २०२३ साली 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०' आणली. शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू आहे आणि तो स्तुत्य आहे. रात्री-अपरात्री पंप चालू करण्यास जाऊन साप चावलेल्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही सांत्वनास गेलेलो आहोत. ह्या योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीसही काही रक्कम मिळते. परंतु ज्या ठिकाणी गायरान जमिनी प्रकल्पांकडे जातात, तेथे भाडे कोणाला मिळते आणि चराई कोणाची जाते? भूमिहीन आणि दोन शेळ्यांवर जगणारी म्हातारी ह्या हिशेबात कोठे बसतात? प्रकल्प कंपनीचा, जमीन गावाची, अशी विभागणी झाली की गाव भाडेकरूचा घरमालक होते, विजेचा मालक होत नाही.

आता आमच्या त्या शेतकरी बांधवांच्या प्रश्नाकडे वळू. २०२४ च्या फेब्रुवारीत 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' सुरू झाली. एक कोटी घरांसाठी ७५ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. कमी व्याजाच्या कर्जाचीही सोय आहे. योजना निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु अनुदान पॅनेल बसविल्यानंतर मिळते आणि उरलेली रक्कम घरमालकानेच उभी करावयाची असते. छप्पर पक्के हवे आणि स्वतःचे हवे. चाळीतील भाडेकरू, सावकाराकडे जमीन अडकलेला शेतकरी, वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला आदिवासी ह्यांना हे दार अरुंदच आहे. ज्याचे छप्पर मोठे त्याला अनुदानही मोठे, अशी ही रचना आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

ह्या विषयात ख्रिस्तसभेने काय म्हणून बोलावे, असे कोणी विचारील. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरूम नोवारूम' ह्या परिपत्रकात मालमत्तेच्या प्रश्नाची चर्चा करताना सांगितले की, शक्य तितक्या अधिक लोकांना मालक होता यावे असे कायद्याचे धोरण असावे. तेव्हा प्रश्न शेतजमिनीचा आणि गिरणी कामगारांचा होता. आज तोच प्रश्न विजेचा आहे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे ह्यांनी हेच नाव धारण करताना त्या परिपत्रकाचे स्मरण केले, हे अर्थपूर्ण आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात काही ठिकाणी लोकांच्या सहकारी संस्था अक्षय ऊर्जा निर्माण करून आपली गरज भागवितात आणि उरलेली वीज विकतातही, ह्याचा मुद्दाम उल्लेख केला आहे. राज्यसत्ता आपले कर्तव्य विसरते तेव्हा स्थानिक माणसे बदल घडवू शकतात, असा त्यांचा आशय आहे. व्हॅटिकननेही केवळ उपदेश केलेला नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांच्या काळात, २००८ साली, पोप सहावे पॉल सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पॅनेल बसविण्यात आले. २०२४ च्या जून महिन्यात पोप फ्रान्सिस ह्यांनी सांता मारिया दी गालेरिया येथे शेती आणि सौर ऊर्जा एकत्र नांदतील असा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला.

प्रभू येशूने सांगितले आहे की, आपला स्वर्गीय पिता चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच सूर्य उगवितो. त्या सूर्याचा मोबदला मात्र केवळ कर भरणाऱ्या धनवानांवर आणि पक्क्या छपरांवर उगवत असेल, तर आपण त्याच्या देणगीला कुंपण घातले असे होते.

आम्ही काय मागतो?

शासनाकडे आमचे मागणे मोजके आहे. स्वस्त विजेसाठी मोठे लिलाव चालू राहावेत. त्याला आमचा विरोध नाही. परंतु सहकारी संस्था, पंचायती, बचत गट आणि लहान शेतकरी ह्यांच्या छोट्या प्रकल्पांसाठी वेगळा, निश्चित आणि दीर्घ मुदतीचा खरेदी दर ठेवावा. तो दर यंत्रांच्या किमतीनुसार नव्या प्रकल्पांसाठी बदलावा, जुन्यांचा शब्द मोडू नये. ह्याचा भार गरिबांच्या वीजबिलावर न टाकता तिजोरीतून उचलावा. २०१९ साली राज्यात छतावरील सौर विजेच्या नेट मीटरिंगचे नियम बदलण्याचा मसुदा निघाला तेव्हा ज्यांनी कर्ज काढून पॅनेल बसवले होते त्यांच्या पोटात गोळा आला होता. अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकले, हे बरे झाले. परंतु अशी अनिश्चितता छोट्या माणसास परवडत नाही.

ज्यांना स्वतःचे छप्पर नाही त्यांनी दुसऱ्या जागी सामूहिक प्रकल्पात वाटा घ्यावा आणि त्याची वीज आपल्या बिलात वळती व्हावी, असे नियम दिल्लीने २०१९ साली केले. चाळी आणि आदिवासी पाड्यांपर्यंत अशी सोय खऱ्या अर्थाने पोहोचली पाहिजे. गायरान आणि वनजमीन देताना ग्रामसभेची संमती कागदापुरती नसावी, आणि जमीन देणाऱ्या गावाचा केवळ भाड्यात नव्हे तर मालकीत हिस्सा असावा.

आपल्या धर्मप्रांतासही काही करता येण्याजोगे आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ पासून आणि डहाणूचे औष्णिक केंद्र १९९५ पासून आपल्याच परिसरात उभे आहे. दुसऱ्यांच्या विजेसाठी जमीन आणि समुद्र देणे म्हणजे काय, हे येथील मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना विचारावे. त्याचप्रमाणे सहकार म्हणजे काय, हेही येथल्या लोकांना नव्याने शिकवावे लागत नाही. १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने पापडी येथे सुरू झालेल्या छोट्याशा पतसंस्थेची आज बॅसीन कॅथॉलिक बँक झाली आहे. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला बाहेर काढावे, हा त्यामागचा विचार होता. तोच विचार विजेच्या बाबतीत का करता येऊ नये? चर्च, शाळा आणि सभागृहे ह्यांची मोठी छपरे आपल्याजवळ आहेत. त्यांवर केवळ संस्थेचे बिल वाचविण्यासाठी पॅनेल बसविण्याऐवजी धर्मग्रामाची सहकारी संस्था स्थापन करून, छप्पर नसलेल्या कुटुंबांनाही तिचे सभासद करून घेता येईल काय? नियमांच्या अडचणी येतील. त्यासाठी जाणकार प्रापंचिकांनी पुढे यावे, वकील व अभियंते मंडळींनी आपला वेळ द्यावा.

त्या शेतकरी बांधवांना आमचे उत्तर अजूनही अपुरे आहे. आज त्यांच्या कौलारू घराला सरकारी अनुदान जवळजवळ काहीच देऊ शकत नाही, हे आम्ही त्यांना पुढच्या रविवारी प्रामाणिकपणे सांगणार आहोत. परंतु त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर धर्मग्रामाच्या शाळेचे प्रशस्त छप्पर उन्हात तापत पडलेले आहे, हेही आम्ही त्यांना दाखविणार आहोत. त्यावर त्यांचाही वाटा असावा, अशी मागणी धर्मग्राम मंडळाच्या येत्या सभेत त्यांनी स्वतः करावी, असे आम्ही त्यांना सुचविणार आहोत. वाचकांपैकी कोणी आपल्या धर्मग्रामात असा प्रयत्न केला असेल, तर त्याची हकिगत आम्हाला अवश्य कळवावी. ती येथे आनंदाने प्रसिद्ध केली जाईल.